'अर्धसत्य'मधील फौजदार आणि त्याचे घर : ताणाच्या स्पष्टीकरणाची मर्यादा

प्रस्तावना

पोलिसांच्या नोकरीतील ताण आणि त्याचा त्यांच्या वैवाहिक व भावनिक जीवनावर होणारा परिणाम हा विषय समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि लोकप्रशासन या तीनही विद्याशाखांनी आपापल्या परीने अभ्यासला आहे. आर्थर आणि इलेन नीडरहॉफर या दांपत्याचा पोलीस कुटुंबावरील ग्रंथ १९७८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. केव्हिन गिलमार्टिन यांनी २००२ मधील आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले, की कामावर सतत सावध राहणारा पोलीस घरी परतल्यावर तितकाच निस्तेज व अलिप्त होतो. त्याच्या पत्नीच्या वाट्याला येतो तो हा दमलेला माणूस. भारतात पोलीस संशोधन व विकास ब्युरोने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून अधिक काम करीत होते आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. २०१९ च्या भारतातील पोलीस-स्थितीविषयक अहवालात पोलिसांच्या कामाची दैनंदिन सरासरी चौदा तास आढळली.

या आकड्यांच्या किती तरी आधी एका चित्रपटाने हा प्रश्न मांडला होता. गोविंद निहलानी दिग्दर्शित 'अर्धसत्य' १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर तो बेतलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, आणि ज्या कवितेवरून शीर्षक घेतले ती कविता दिलीप चित्रे यांची. कथाकार, पटकथाकार आणि कवी असे तिघे मराठीतील मान्यवर असूनही, केवळ भाषा हिंदी म्हणून, मराठी विभागांच्या अभ्यासकक्षेत हा चित्रपट क्वचितच येतो. ही आपल्याच मालमत्तेकडे केलेली डोळेझाक म्हणावी लागेल.

'अर्धसत्य'चे रूढ वाचन राजकीय आहे. गुन्हेगार, राजकारणी आणि पोलीस यांची साखळी, तीत सापडलेला प्रामाणिक उपनिरीक्षक अनंत वेलणकर, आणि अखेरीस त्याचा स्फोट, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते. ज्योत्स्ना गोखले या प्राध्यापिकेशी असलेले त्याचे नाते या वाचनात उपकथानक ठरते. पोलिसी ताणाचा अभ्यासक या उपकथानकाकडे वळला तर त्याचे वाचनही ठरलेले असते. नोकरीने माणूस पिळून निघाला, म्हणून नाते तुटले. दोन्ही वाचने चुकीची नाहीत. मात्र दोहोंतही चित्रपटातील एक स्त्री गाळली जाते, आणि तिला गाळले की ताणाचे स्पष्टीकरण गरजेपेक्षा अधिक सोपे होऊन बसते. ती स्त्री म्हणजे अनंतची आई.

ताण कोणत्या दिशेने वाहतो

ओम पुरी यांनी साकारलेला अनंत वेलणकर स्वेच्छेने पोलीस झालेला नाही. त्याला पुढे शिकायचे होते. पोलीस दलातूनच निवृत्त झालेल्या वडिलांनी, म्हणजे अमरीश पुरी यांनी रंगवलेल्या व्यक्तिरेखेने, त्याला या नोकरीत लोटले. हे वडील किरकोळ कारणावरून पत्नीवर हात टाकणारे आहेत. लहानग्या अनंतने ते पाहिले आहे आणि त्याला मध्ये पडता आलेले नाही. येथे तेंडुलकरांनी एक महत्त्वाची गोष्ट करून ठेवली आहे. अनंतला नोकरीत ताण भोगावा लागण्यापूर्वीच पोलिसाच्या घरातील हिंसा त्याच्या वाट्याला आली आहे.

मुंबईत त्याच्यावर एकामागून एक अपमानाचे प्रसंग येतात. एका झोपडपट्टीतील माणसाच्या पत्नीची छेड काढणाऱ्या गुंडांना तो बेदम मारतो, तर ते आमदाराची माणसे निघतात आणि अनंतच्याच निलंबनाची मागणी होते. वरिष्ठ निरीक्षक हैदर अली त्याला वाचवतो, तेही वशिल्याच्या मार्गाने. मरणोन्मुख माणसाचा जबाब हाती असताना रामा शेट्टीला अटक करावयास गेलेल्या अनंतला दूरध्वनीवरील एका आदेशाने रिकाम्या हाताने परतावे लागते. जीव धोक्यात घालून दरोडेखोर पकडावा, तर श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. अनंत दारूकडे वळतो. नसिरुद्दीन शाह यांनी उभा केलेला, निलंबित होऊन रस्त्यावर दारूसाठी हात पसरणारा माइक लोबो त्याला स्वतःच्या भविष्यासारखा दिसू लागतो. आणि एका रात्री ट्रान्झिस्टर चोरल्याचा संशय असलेल्या भुरट्या चोराला तो कोठडीत इतके मारतो, की तो मरतो.

ही साखळी बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते, की चित्रपटात ताण नेहमी खालच्या दिशेने वाहतो. तो वरिष्ठाकडून अनंतकडे येतो आणि अनंतकडून चोराकडे जातो. वर रामा शेट्टी आहे, आमदार आहे, आदेश देणारे साहेब आहेत. त्यांच्यापैकी कोणावरही अनंतचा हात शेवटच्या प्रसंगापर्यंत उठत नाही. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्यावर तो उठतो. ताण हा वाफेसारखा कोठूनही फुटतो, ही समजूत या चित्रपटाला मान्य नाही. त्याने शोधलेली वाट सर्वांत कमी विरोधाची आहे.

मग ज्योत्स्नावर अनंत हात का टाकत नाही? समीक्षेने हा प्रश्न विचारावयास हवा होता. त्याचा राग तिच्यासमोर व्यक्त होत नाही असे नाही. बसमध्ये तिला त्रास देणाऱ्या माणसावर तो ज्या रीतीने तुटून पडतो, त्यात संरक्षणापेक्षा संताप अधिक आहे, आणि स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी कृतज्ञतेच्या जागी भीती उमटते. आपल्यासाठी झालेली मारहाणही आपलीच भीती वाढवू शकते, हे त्या चेहऱ्यावर वाचता येते. तरीही अनंत तिच्याशी वागताना स्वतःला आवरतो. प्रेम, सुसंस्कृतपणा, वडिलांसारखे न होण्याची इच्छा ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण कथेच्या रचनेतच आहे. ज्योत्स्ना मिळवती आहे, तिचे स्वतःचे घर आणि मित्रमंडळ आहे, तिला वृत्तपत्रातील बातमी वाचून प्रश्न विचारता येतो. दुसरे काम पाहणार असशील तरच लग्न, असे ती अनंतला सांगू शकते. ती दूर होऊ शकते, आणि होते.

आईला हे शक्य नव्हते. एकाच वास्तवाचे दोन तुकडे करून चित्रपटाने ते दोन पिढ्यांत वाटले आहेत. मार खाणारी पत्नी भूतकाळात आणि खेड्यात ठेवली आहे, निघून जाणारी प्रेयसी वर्तमानात आणि महानगरात. या वाटणीमुळे अनंत प्रेक्षकाच्या सहानुभूतीस पात्र राहतो. त्याचे ज्योत्स्नाशी लग्न झाले असते, तिने नोकरी सोडली असती, ती पोलीस वसाहतीतील दोन खोल्यांत राहिली असती, तर त्या रात्रीचा राग कोणावर निघाला असता, हा प्रश्न पटकथेने उपस्थित होऊ दिलेला नाही. चित्रपटाची ताकद या ठिकाणी कमी पडते. आईच्या वाट्याला स्मृतिदृश्यांपलीकडे फारसे काही नाही. मुलाच्या जखमेचे मूळ म्हणून ती येते. तिची स्वतःची जखम कथेला कामाची वाटत नाही.

कोतवालापासून फौजदारापर्यंत

तेंडुलकरांनी पोलिसी सत्ता आणि जिव्हाळ्याचे नाते यांची गाठ यापूर्वीही एकदा घातली होती. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. राजकीय रूपक, लोकनाट्याचा घाट, माणसांची भिंत या अंगांनी त्याची भरपूर चर्चा झाली. दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे मात्र एक सांगाडा समान दिसतो. घाशीरामवर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मारहाण होते, आणि सूडाने पेटलेला हा बाप आपली मुलगी गौरी नाना फडणविसांच्या स्वाधीन करून कोतवालीचा अधिकार मिळवतो. गौरीचा अंत झाल्यावर त्याच्या जुलमाला धरबंध राहत नाही. पुढे भुकेपोटी बागेतील फळे तोडणारे परप्रांतीय ब्राह्मण त्याच्या कोठडीत गुदमरून मरतात आणि त्यातच त्याचाही शेवट ओढवतो.

एकीकडे फळे आहेत, दुसरीकडे ट्रान्झिस्टर. क्षुल्लक चोरी, कोठडीतील मृत्यू आणि त्यानंतर ज्या सत्तेने वापरले तिनेच वाऱ्यावर सोडणे, हा क्रम अकरा वर्षांच्या अंतराने पुन्हा येतो. फरक जिव्हाळ्याच्या नात्याच्या स्थानात आहे. घाशीराम अधिकार मिळवण्यासाठी ते आधीच विकतो. अनंत ते राखू पाहतो आणि अधिकार बजावताना गमावतो. पहिल्यात स्त्री मोबदला आहे. दुसऱ्यात ती साक्षीदार आहे, आणि साक्ष देऊन बाजूला होते. गौरीपासून ज्योत्स्नापर्यंत तेंडुलकरांनी स्त्रीला बरेच अंतर चालवले, हे मान्य करावे लागते. पण घाशीरामच्या बाबतीत कोणी 'कामाचा ताण' हे स्पष्टीकरण देत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या क्रौर्याला आपण सत्तेची नशा म्हणतो. अनंतच्या क्रौर्याला मात्र ताण म्हणतो. कदाचित तो आपल्यासारखा मध्यमवर्गीय आहे, कविता वाचतो, आणि एका प्राध्यापिकेवर प्रेम करतो, म्हणून असेल.

चित्रे यांच्या कवितेतही तराजूच्या दोन पारड्यांत पौरुष आणि षंढत्व तोलले गेले आहे. ज्योत्स्नाने दिलेल्या पुस्तकातून अनंत ती मोठ्याने वाचतो आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलत जातो. पोलिसी ताणावरील बहुतेक चर्चेत न येणारी गोष्ट येथे उघड होते. अनंतला छळते ते काम जास्त असणे नव्हे. अधिकाराचा गणवेश अंगावर असून आपण काहीही करू शकत नाही, ही जाणीव त्याला छळते, आणि ती त्याला पुरुषत्वाच्या भाषेतच कळते. वडिलांकडून मिळालेली ती एकमेव भाषा आहे. त्यामुळे कामावरील पराभव त्याला थेट पुरुष म्हणून झालेला पराभव वाटतो, आणि ज्योत्स्नाचा प्रश्न त्याला काळजीऐवजी निकालासारखा ऐकू येतो.

चित्रपटाबाहेरील शिपाई

'अर्धसत्य' ज्या काळात घडला त्या काळातील एक घटना चित्रपटात नाही. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतील पोलीस शिपायांचा असंतोष उफाळून आला. सैन्य बोलवावे लागले, आणि पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता गेली. गिरणी कामगारांचा संप त्याच वर्षी जानेवारीपासून सुरू होता. शिपायांच्या असंतोषामागे सेवेच्या अटी होत्या, कामाचे तास होते, साहेबांच्या घरची कामे होती. चित्रपटाचा नायक उपनिरीक्षक आहे. शिपाई आणि जमादार पार्श्वभूमीला उभे असतात, दार उघडतात, कोठडीतून माणूस आणतात. त्यांना घर आहे की नाही हे कळत नाही. तासांचा, रजेचा, मुलांच्या शाळेचा जो ताण आकडेवारीतून दिसतो, तो मुख्यतः या माणसांचा आहे, आणि तोच येथे अनुपस्थित आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही हा शिपाई कधी कामावरून सुटतच नाही. १८६१ च्या पोलीस अधिनियमाने पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असे मानले, आणि १९५१ च्या महाराष्ट्राच्या पोलीस अधिनियमातील कलम २८ तेच सांगते. घरात असूनही घरचा नसलेला माणूस ही कायद्यानेच निर्माण केलेली स्थिती आहे. तिच्यावर उपाय म्हणून मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. २०२१ मध्ये महिला पोलिसांसाठी बारांऐवजी आठ तासांची पाळी राबवताना नागपूर व अमरावती शहरांत प्रथम अनुभव घेण्यात आला.

वणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या प्रश्नाचे रूप महानगरापेक्षा वेगळे असते. भोवती कोळसा खाणी, रात्रंदिवस चालणारी ट्रकची वाहतूक आणि वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत चंद्रपुरात दारूबंदी होती आणि अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, नव्हती. नदीवरच्या पुलांजवळची नाकाबंदी आणि रात्रगस्त यांचा भार त्या सहा वर्षांत सीमेवरील ठाण्यांवर पडला. त्यात सणांचे, यात्रांचे, निवडणुकांचे बंदोबस्त. मुंबईचा अनंत गणवेश उतरवला की गर्दीत हरवू शकतो. तालुक्याच्या गावात शिपायाला बाजारातही लोक शिपाई म्हणूनच ओळखतात. ठाणेदाराने सकाळी सर्वांसमोर केलेला अपमान संध्याकाळी वसाहतीतील नळावर बोलला जातो. त्याची पत्नी त्याच वसाहतीत राहते, ज्यांच्याशी बोलावे त्या शेजारणींचे पतीही त्याच ठाण्यात असतात.

अनंतच्या आईची अवस्था म्हणूनच केवळ भूतकाळाची ठरत नाही. योगायोग असा, की 'अर्धसत्य' प्रदर्शित झाला त्याच १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि पतीकडून होणारा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. भारतीय न्याय संहितेत आता तो कलम ८५ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २००६ मध्ये अमलात आला. पोलिसाच्या पत्नीपुढील अडचण कायद्याच्या अभावाची राहिलेली नाही. तक्रार नोंदवणारा हवालदार पतीबरोबर रात्रगस्तीला जाणारा असतो. गुन्हा नोंदला तर निलंबन, आणि निलंबन म्हणजे अर्धा पगार आणि राहत्या क्वार्टरची चिंता. ज्या घरातून बाहेर पडायचे त्या घराचा मालकही पोलीस खातेच असते.

या संदर्भात पोलिसांची लग्ने टिकत नाहीत, हा सार्वत्रिक समजही तपासून पाहावा लागतो. अमेरिकेतील जनगणनेच्या आधारे मकॉय व आमोट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोलिसांमधील घटस्फोटाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक नव्हे, तर किंचित कमी आढळले. आपल्याकडे तर लग्न टिकणे हे नाते सुखाचे असल्याचा पुरावा म्हणून देताच येत नाही. अनंतच्या आईवडिलांचे लग्न शेवटपर्यंत टिकले होते.

कामाचे तास कमी केल्याने शिपाई घरी लवकर येईल, मुलांना भेटेल, झोप घेईल. या गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्या लांबणीवर टाकणे अन्यायाचे आहे. पण 'अर्धसत्य'मधील वडील आठ तास काम करून घरी आले असते तर पत्नीला मारावयाचे थांबले असते, असे मानण्यास चित्रपटात काहीही आधार नाही. त्यांच्यापाशी थकव्याइतकीच मुभाही होती. कोठडीत हात टाकण्याची मुभा ठाणे देते, घरात हात टाकण्याची समाज देतो. ताणाचे शास्त्र पहिल्या गोष्टीचे मोजमाप करू शकते. दुसरीसाठी तेंडुलकरांसारखा लेखक लागतो, आणि त्यानेही येथे अर्धेच सांगितले आहे.

उरलेल्या अर्ध्याकडे

तो भाग पुढे एका वेगळ्या चित्रपटाने हाती घेतला. आयव्हन आयर दिग्दर्शित 'सोनी' (२०१८) मध्ये दिल्लीतील दोन महिला पोलीस आहेत. उपनिरीक्षक सोनी रागाच्या भरात हात उचलते आणि नियंत्रण कक्षात पाठवली जाते. तिचा विभक्त झालेला पती परतू पाहतो, आणि ती त्याला घरात पूर्ववत जागा देण्यास तयार नाही. तिची वरिष्ठ कल्पना भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी आहे. कल्पनाचा पतीही पोलीस दलातच वरच्या पदावर आहे; रात्री घरात तो पतीच्या स्वरात बोलता बोलता वरिष्ठाच्या स्वरात बोलू लागतो, आणि सासरचे लोक मूल कधी, असे विचारत राहतात. ठाण्यातील उतरंड शयनगृहापर्यंत कशी येते, हे येथे कोणताही मोठा प्रसंग न घडवता दाखवले आहे. अनंतप्रमाणे सोनीलाही राग आहे आणि वरून आलेले आदेशही आहेत. मात्र तिच्या रागाला घरात खाली कोणी नाही. ती एकटी स्वयंपाकघरात उभी राहते.

दोन्ही चित्रपटांत एक पुस्तक हातातून हातात जाते. 'अर्धसत्य'मध्ये प्राध्यापिका ते पोलीस अधिकाऱ्याला देते. त्यातील कविता त्याला स्वतःचे चित्र दाखवते, पण तो त्या चित्रापुढे एकटाच पडतो. पुढच्या काळात ज्योत्स्नाशी त्याचे बोलणे वाढत नाही, कमीच होते. 'सोनी'मध्ये कल्पना आपल्या हाताखालील सोनीला अमृता प्रीतम यांचे 'रसीदी टिकट' देते. देणारी वरिष्ठ आहे, घेणारी कनिष्ठ, आणि त्या देण्यापुरती उतरंड बाजूला राहते. अनंतला असे देणारा कोणी ठाण्यात नव्हता. हैदर अली त्याच्यावर मायाच करीत होता, पण त्याच्यापाशी देण्यासारखे होते ते वशिल्याचे मार्ग. आणि शेवटी त्यानेच अनंतला रामा शेट्टीच्या दारापर्यंत जाण्याचा सल्ला दिला.